फिरत्या कात्र्यांचं कपाट

६ जून

ती. काका,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. घाबरू नका असं आधी लिहिणार होतो, पण तसं वाचलं की माणूस जास्तच घाबरतो. म्हणून नुसतं सांगतो. दुकानावर कर कार्यालयाची तपासणी आली आहे.

सोमवारी सकाळी दोघे आले. एक साहेब आणि एक लिहून घेणारा. मी मोठ्या दगडावर एका लांब कात्रीला धार लावत होतो. मध्येच हात उचलला तर पात्यावर डाग राहतो, म्हणून म्हटलं, जरा बसा, एवढं पातं संपवतो. ते साहेबांना आवडलं नसावं. मग त्यांनी वह्या पाहिल्या, पावत्या पाहिल्या. तिथवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात त्यांनी मागचं कपाट उघडलं.

आत नेहमीसारख्या कात्र्या टांगलेल्या होत्या, मापाप्रमाणे, ओळीने. साहेब म्हणाले, "हा माल वहीत कुठे आहे?" मी म्हटलं, हा माल नाही, ह्या फिरत्या कात्र्या आहेत. त्यांना समजेना. मग मी सविस्तर सांगितलं. सलूनवाला बोथट कात्री घेऊन येतो, ती आमच्याकडे टाकतो आणि त्याच मापाची धार लावलेली कात्री कपाटातून घेऊन लगेच परत जातो. त्याची खुर्ची रिकामी राहत नाही. त्याच्या कात्रीला आम्ही दुपारी धार लावतो, कपाटात टांगतो, मग ती आणखी कोणी नेतो. आम्ही पैसे घेतो ते फक्त धारेचे.

"मग ह्यातली कुठली कोणाची?"

"ते कोणालाच सांगता येणार नाही, साहेब."

"बरं. मग पहिल्यांदा कपाट भरलं कोणी?"

इथे मला राहवलं नाही, काका. मी तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही सायकलवर दगड बांधून दारोदार कसे फिरत होतात, मग काकूंचं शिलाई मशीन विकून ह्या सगळ्या कात्र्या स्वतःच्या पैशांनी कशा घेतल्यात आणि त्यातून हे दुकान कसं उभं राहिलं. लिहून घेणाऱ्याने दोन शब्द चुकीचे लिहिले होते, ते मी दुरुस्त करून दिले आणि खाली सही केली. साहेब तेव्हा पहिल्यांदा हसले. मला वाटलं, गोष्ट त्यांना आवडली.

आता नोटीस आली आहे. तिच्यात म्हटलंय, मालकाने स्वतःच्या पैशांनी घेतलेला माल आहे असं तुमच्याच जबाबात आहे, तर खरेदीची पावती दाखवा. नाही दाखवली तर कपाटातला सगळा माल ह्या वर्षी लपवून घेतला असं धरून त्यावर कर आणि दंड लावू. तो दंड भरायचा तर मला दोन्ही दगड आणि मोटर विकावी लागेल. म्हणजे दुकान संपलं. कपाटाला त्यांनी पट्टी लावून सील केलं आहे.

तुम्ही कात्र्या कुठून घेतल्या होत्या? पावती कुठे असेल? तुम्ही जाताना ठेवलेली पेटी मी दोनदा पाहिली. तिच्यात काकूंचा चष्मा आहे आणि जुने पट्टे आहेत.

तुमचा,
धाकटा


१३ जून

चि. मास्तर,

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहिलं की वाटतं छापूनच आलंय, उगाच नाही तुला मास्तर म्हणत. एवढं नीट लिहिणाऱ्याला कोण चोर म्हणेल, म्हणून तू निवांत राहा.

अशा नोटिशी मी आयुष्यभर पाहिल्या. एक बिजागरीत अडकवली होती, दार वाजायचं म्हणून. उत्तर दिलं की त्यांचा हुरूप वाढतो. नाही दिलं की कागद कागदाखाली जातो आणि थंड होतो. त्या काळी पावती कोण देत होतं? तूच सांग.

इथे माझं बरं चाललंय. ताईने मला गॅलरीजवळची खोली दिली आहे. कानातलं यंत्र मी लावत नाही, त्यातून शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येतो आणि माणसं ऐकू येत नाहीत. मोठ्या दगडाचा पट्टा ढिला झाला असेल, तो बघ. पाणी कमी पडू देऊ नकोस.

काका


२४ जून

ती. काका,

पट्टा घट्ट केला.

नोटीस थंड होऊ देण्याइतकी माझ्यात ताकद नाही. ती ड्रॉवरमध्ये ठेवली तरी मला दिसत राहायची. म्हणून मी कर कार्यालयाला उत्तर लिहिलं. सगळं नीट समजावं म्हणून अकरा पानं झाली. कात्रीचे प्रकार, मापं, धार किती दिवस टिकते, तुमची सायकल, काकूंचं मशीन, सगळं लिहिलं. त्यांनी न विचारलेल्या मागच्या वर्षांचंही लिहिलं, म्हणजे नंतर विचारायला नको. त्यावर दुसरी नोटीस आली. तिच्यात मागची वर्षंही आहेत.

ती घेऊन कार्यालयात गेलो, तर बाहेर एक माणूस भेटला. सगळ्यांना ओळखत होता, पहारेकऱ्याच्या मुलीची परीक्षा कशी गेली तेसुद्धा विचारत होता. म्हणाला, "मिटवून टाकू, तुम्ही फक्त कोऱ्या कागदावर सही द्या." मी पेन काढलंसुद्धा होतं. पण कोऱ्या कागदावर माझ्या हातून सही होईना. वर काय लिहिलं जाईल, कसं लिहिलं जाईल, हे मनातून जाईना. मी पाणी पिऊन येतो म्हणालो आणि घरी आलो.

मग थोरल्या सलूनवाल्यांनी एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. बाई करांचीच कामं करतात. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे, दोन खुर्च्या आहेत, पैकी एकीवर फायली बसलेल्या असतात. त्यांनी माझी अकरा पानं शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?"

"कोणीच नाही."

"तेच दिसतंय."

मग पानं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "छान लिहिता. आता थांबा. ह्यापुढे त्या कार्यालयात एक ओळही माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय जाणार नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. तुम्हाला जमेल का?" मी म्हटलं, जमेल, कारण लहानपणी सुद्धा शाळेत... तर त्यांनी हात वर केला. "बघा, मी जमेल का एवढंच विचारलं होतं."

फी त्या हप्त्याने घेणार आहेत. दुसऱ्या नोटिशीच्या उत्तरासाठी त्यांनी मुदत वाढवून मागितली आणि ती मिळाली. नोटिशीची तारीख उलटून गेली असती तर साहेबांनी एकतर्फी निकाल लावला असता, असं त्या म्हणाल्या. ह्यावरून तुमचा सल्ला मी मानला नाही ते बरं झालं, असं दिसतं. राग मानू नका.

त्यांना आता तुमचं म्हणणं हवं आहे. मी जे सांगितलं ती ऐकीव गोष्ट, असं त्या म्हणतात. कपाट भरलं तेव्हा जो हजर होता त्याने सांगावं. कात्र्या कोणत्या दुकानातून घेतल्या, साधारण कधी, कोणी पाहिलं का. तुम्ही दोन दिवसांसाठी येऊ शकाल का? मी बसस्थानकावर घ्यायला येईन.

धाकटा


२ जुलै

मास्तर,

वकीलबाईंना सांग, ह्या कपाटाबद्दल आजवर माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. जे सांगायचं ते मी तुला इतक्या वेळा सांगितलंय की तुला पाठ आहे. त्यात भर घालायला माझ्याकडे काही नाही.

यायला जमणार नाही. गुडघा आहे, बसमधून उतरताना माणसं ढकलतात. आणि आलो तरी मला त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही, मग काय उपयोग.

तेच तेच पुन्हा विचारू नकोस. पट्ट्याचं बरं केलंस.

काका


८ जुलै

ताई,

हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे, घरी आलं असतं तर काकांच्या हाती पडलं असतं. बिलाच्या खिडकीवर तुला वाचायला वेळ मिळणार नाही. जेवायच्या सुट्टीत वाच.

काकांचं काय बिनसलंय? मी तीन ओळींचं उत्तर मागतो आणि ते मला पट्ट्याचं विचारतात. आधी वाटलं आजारी आहेत. मग वाटलं पावती त्यांच्याकडे आहे आणि तिच्यात काही गडबड आहे. आता माझ्या मनात एक वाईट विचार येतो तो तुलाच सांगतो. दुकान माझ्या नावावर केल्याचा त्यांना पस्तावा होतोय का? ते नसताना दुकान चाललेलं त्यांना बघवत नाही, असं तर नाही ना? असं लिहिताना मला लाज वाटते, पण दुसरं कारण सापडत नाही.

इकडे कपाटाला सील आहे. सलूनवाले सवयीने येतात, बोथट कात्री पुढे करतात आणि मग पट्टीकडे बघत उभे राहतात. मी म्हणतो, ठेवून जा, संध्याकाळी देतो. एक जण म्हणाला, "संध्याकाळपर्यंत काय दाताने कापू?" चौकापलीकडे एकाने विजेच्या यंत्राचं दुकान काढलंय, हातोहात करून देतो. पात्याचं वाटोळं करतो, पण हातोहात करून देतो. आपले चार जण तिकडे गेले. मी दिवसभर दगडापुढे बसतो आणि दुपारनंतर दगड फिरवायला काही नसतं. बसून बसूनच थकायला होतं.

वकीलबाई रागवत नाहीत, पण दर वेळी विचारतात, "काकांचं काय झालं?"

काका तुझ्याशी काही बोलतात का?

धाकटा


१५ जुलै

प्रिय धाकट्या,

पत्र खिडकीवरच वाचलं, समोरची रांग ओरडत होती तर ओरडू दिलं.

बाबा आजारी नाहीत. दुकानाचा पस्तावा वगैरे तर डोक्यातून काढून टाक. घरी कोणीही आलं की "माझा पुतण्या दुकान चालवतो" हे पहिल्या पाच वाक्यांत येतं. पण तुझी पत्रं आल्यापासून त्यांचं जेवण कमी झालंय. पत्र वाचतात, घडी घालतात, उशीखाली ठेवतात, काढून पुन्हा वाचतात. मी विचारलं की म्हणतात, "दुकानाचं आहे, तुला कळणार नाही." मीही फार खोदत नाही. इथून घरी गेलं की माझ्यात भांडायचं त्राण उरत नाही, खरं सांगते.

मशीनच्या गोष्टीचा त्यांच्यापाशी फार पाठपुरावा करू नकोस. कपाट कसं भरलं ते तुझ्या थोरल्या सलूनवाल्यांना विचार. ते तेव्हापासून आहेत. मी सांगणं बरं दिसणार नाही, मुलगी आहे मी त्यांची.

ताई


२१ जुलै

ताई,

थोरल्यांकडे जाऊन आलो. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून कात्री मुलगा चालवतो आणि ते कोपऱ्यात बसून टॉवेलच्या घड्या घालतात. मी विचारलं तेव्हाही घड्या घालणं त्यांनी थांबवलं नाही.

"तुझा काका सायकलवर यायचा," म्हणाले. "दगड त्याचा, सायकल तुझ्या बापाची. कात्री त्याच्याकडे दिली की आम्ही दोन दिवस हात बांधून बसायचो. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, प्रत्येकाने एक जास्तीची कात्री ह्याच्याकडे टाकायची. म्हणजे एक आत, एक बाहेर. कोणी नवी दिली, कोणी आजोबांची दिली. पहिली कात्री मी टांगली. कपाटसुद्धा माझ्याच दुकानातलं, आरसा फुटला म्हणून काढलेलं."

"आणि काकांनी घेतलेल्या?"

"त्याने कुठून घ्यायच्या? त्याच्याकडे तेव्हा दगड होता आणि भूक होती."

मी म्हटलं, मग काकूंच्या मशीनची गोष्ट?

"ती तुमच्या घरातली. मला काय माहीत?" म्हणाले. मग एक टॉवेल झटकला. "सांगायचा मात्र झकास. आम्हीसुद्धा ऐकायचो."

"तुमच्यासमोर सांगायचे? आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कशाला बोलायचं? धार चांगली लावायचा."

ताई, मी आठवीत होतो तेव्हा काकांनी ही गोष्ट पहिल्यांदा माझ्यासाठी सांगितली होती. म्हणजे इतरांसमोर, पण माझ्याकडे बघून. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं लक्ष लागेना. मला वाटायचं, एवढ्या कष्टाने उभं केलेलं दुकान, तिथे कोणीतरी हवं ना. नववीत मी शाळा सोडली. आता मला राग यायला हवा. पण नोटिशी, हप्ते आणि रिकामी दुपार, ह्यांत एवढा थकलो आहे की राग उद्यावर टाकतो आणि उद्या पुन्हा विसरतो. आणि खरं सांगायचं तर धंदा मला आवडतो. तो गोष्टीमुळे आवडला की आपोआप, ते आता कसं कळणार?

वकीलबाईंना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, उलट पहिल्यांदाच त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. म्हणाल्या, "हे तुमच्या बाजूचं आहे. कात्र्या गिऱ्हाइकांनी ठेवायला दिलेल्या, तुमच्या मालकीच्या नव्हेत, म्हणून तुमचा माल नाही. थोरले आणि आणखी दोघे लिहून देतील. पण तुम्ही सही केलेल्या जबाबात काकांचं नाव आहे. काकांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय साहेब तो बाजूला ठेवणार नाहीत. तुम्हाला सगळं कळलंय, असं त्यांना कळवा."

मी म्हटलं, ते मला जमणार नाही.

त्या म्हणाल्या, "मग कळवू नका. फक्त विचारा. विचारायचं तेवढंच विचारायचं, हे तुम्हाला आता यायला हवं."

मी आणखी एक मागितलं. काकांचं प्रतिज्ञापत्र मला वाचायची मनाई करा, म्हटलं. त्यांनी फाईलवर तशी एक ओळ लिहिली. मग म्हणाल्या, "केली."

हे सगळं तुझ्या वडिलांबद्दल आहे, म्हणून तुला सांगावं की नाही ह्याचा मी फार विचार केला. माफ कर.

धाकटा


२६ जुलै

अरे शहाण्या,

मला माहीत होतं. आईला माहीत होतं. मशीन खरंच विकलं, पण ते माझ्या टायफॉइडच्या वेळी, औषधांसाठी. आईने मला ते कधीतरी भांडी घासताना सांगितलं, एका वाक्यात. बाबा चारचौघांत गोष्ट सुरू करायचे तेव्हा ती पाणी आणायला उठायची. तुला वाटायचं काकू किती आतिथ्यशील.

ती गोष्ट ऐकून विश्वास ठेवणारा घरात तू एकटाच होतास. म्हणून ते तुझ्याकडे बघून सांगायचे.

आता त्यांना लिही. थोडक्यात लिही. तुझी लांब पत्रं उशीखाली मावत नाहीत.

ताई


३० जुलै

ती. काका,

वकीलबाईंना तुमचं प्रतिज्ञापत्र हवं आहे. कपाट पहिल्यांदा कसं भरलं, एवढंच त्यात हवं. ते नोटरीसमोर करावं लागतं. कागद बंद पाकिटात घालून वर वकीलबाईंचं नाव लिहावं. त्यांनी मला तो वाचायला मनाई केली आहे, आणि मी वाचणार नाही. साहेबही ते दारं लावून वाचतात, असं त्या म्हणाल्या.

सुनावणी पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. तोवर पाकीट आलं नाही तर साहेब आधीच्या जबाबावर निकाल देतील.

तुमचा,
धाकटा


९ ऑगस्ट

चि. मास्तर,

हे काय पत्र झालं? पावतीसुद्धा ह्यापेक्षा लांब असते. त्या बाईने तुला बिघडवलं.

पाकीट सोबत आहे. डिंकावरून टेप लावली आहे, तू प्रामाणिक आहेस पण टपालखात्याचं काय सांगावं.

ताईला न सांगता गेलो. बसमध्ये एका पोराने जागा दिली, गुडघ्याला काही झालं नाही. नोटरी म्हणजे कोर्टाच्या भिंतीला टेबल लावून बसलेला एक तरुण माणूस. मी सांगितलं, त्याने टाईप केलं. मग म्हणाला, सही करण्याआधी वाचून दाखवावं लागतं. वाचू लागला. मी म्हटलं, ऐकू येत नाही. यंत्र मी घरी ठेवून आलो होतो. मग तो मोठ्याने वाचू लागला. मी पुन्हा म्हटलं, ऐकू येत नाही. तेव्हा तो उभा राहून ओरडून वाचू लागला. माझ्यामागे रांग होती. भाडेकरार करायला आलेली माणसं, एक बाई आणि तिची सून. सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. सुनेने तर मान हलवली. मग त्याने विचारलं, हे खरं आहे का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, जरा मोठ्याने म्हणा, आजोबा, साक्षीदारांना ऐकू जायला हवं.

मी मोठ्याने म्हटलं.

येताना बसमध्ये झोप लागली आणि दोन थांबे पुढे गेलो.

तुझ्या काकूचं मशीन विकलं होतं, हे मात्र खरं आहे. एवढं लक्षात ठेव.

काका


५ सप्टेंबर

ती. काका,

निकाल लागला. वकीलबाईंनी सांगितलं तसं, घडलं तेवढंच लिहितो.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा डोक्यावर आवाज करत होता. वकीलबाईंनी दिलेलं तुमचं प्रतिज्ञापत्र साहेबांनी वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग थोरल्यांचं आणि इतर दोघांचं वाचलं. वकीलबाई काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, जीभ दातांखाली धरली होती. मग साहेबांनी तुमचा कागद वर धरून मला विचारलं, "हा तुम्ही वाचला आहे?" मी नाही म्हटलं. "ह्यात काय आहे ते माहीत आहे?" मी वकीलबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "साहेब, मला तो वाचायची मनाई आहे." त्यांनी कागदाची घडी सरळ केली. मग म्हणाले, "असू दे," आणि कागद फाईलला लावला.

कपाटातल्या कात्र्या आपला माल नाही, असं त्यांनी मान्य केलं. त्यावर कर नाही, दंड नाही. ठेवायला घेतलेल्या वस्तूंची नोंद ठेवली नाही म्हणून थोडा दंड आहे, तो वकीलबाईंच्या फीसारखाच हप्त्याने देईन. मी न विचारता जी मागची वर्षं सांगितली होती त्यांचा वेगळा तपास चालू राहील. बाई म्हणाल्या, त्यात फार काही निघणार नाही, पण वर्षभर खेटे घालावे लागतील. दगड आणि मोटर जाग्यावर आहेत.

सील काढायला तो लिहून घेणाराच आला होता. पट्टी ओढली तसा कपाटाचा रंगही निघाला. त्याने त्याच्या घरची कात्री आणली होती, कापड कापायची. मी धार लावून दिली. पैसे घेतले आणि पावती दिली.

चौकापलीकडे गेलेल्यांतले दोघे परत आले. दोघे आले नाहीत. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून झोपलो.

धाकटा


१२ सप्टेंबर

चि. मास्तर,

वाचलं. ताईलाही वाचून दाखवलं. ती म्हणते, मी सुद्धा नोटरीसारखा ओरडून वाचतो.

एक काम आहे. आमच्या इमारतीखाली एक सलून आहे. पोरगा नवीन आहे, हात चांगला आहे, पण कात्री मेलेली. काल माझे केस कापताना अर्धे उपटले. इकडे धार लावणारा कोणी नाही. त्याची कात्री मी ह्या पार्सलमधून पाठवतो आहे, सहा इंची, स्क्रू ढिला आहे. त्याच मापाची एक आपल्याकडून पाठव. पोस्टाचा खर्च मी देईन.

पण पाठवण्याआधी थोरल्यांना विचार. कात्र्या त्यांच्या आहेत.

काका